गाडीने पाहिलाय

ओरुरोत रात्री नऊला वीज गेली
तेव्हा नकाशा टेबलावरच होता.
एका टोकावर मीठदाणी, एकावर पाना,
तिसऱ्यावर माझी कात्रीची पेटी.
चौथं टोक पुन्हापुन्हा गुंडाळी होऊन आत वळत होतं,
आणि समुद्र नेमका त्याच टोकाला.

मेणबत्ती लावून रेमिहिओने रस्ता परत पहिल्यापासून सांगितला :
पाताकामायापर्यंत सरळ. तिथून डावीकडे.
साहामाचा बर्फ उजव्या खिडकीत धरून ठेवायचा
तो तांबो केमादोच्या नाक्यापर्यंत.
नाक्यावर दुपार गेली असंच समजायचं.
पुढे उतार. नुसता उतार.
साडेचार हजार मीटर, एका संध्याकाळीत.

"ब्रेक?"
"बदलले."
"मागचे?"
रेमिहिओ मेणबत्तीची वात नीट करू लागला.

पैसे आहेत, पिठाच्या डब्यात.
कार्निव्हलला सैतानांचे एकवीस झगे शिवले मी,
जरीचे, शेपट्यांसकट,
दोघा सैतानांनी अजून बुडवलेत.
गाडी साबीनोच्या नावावर, म्हणून त्याची सही, नोटरीचा शिक्का,
शिक्क्याची झेरॉक्स, झेरॉक्सवर शिक्का.
नाक्यावर सफरचंद चालत नाही, ताजं चीज चालत नाही,
कोकाच्या पानांचं तर नाव काढायचं नाही.
मग आठ तास खायचं काय, हे कुठल्याच कागदावर नाही.

आरिकातली खोली ठरली.
मालकिणीने प्रामाणिकपणे कळवलं :
समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.
त्यामुळेच परवडली.

नायराला पोहायचा पोशाख हवाय.
पोहता येतं कुणाला? घरात कुणालाच नाही.
शिवेन मी, उरलेल्या जरीतून.
मला वेगळीच उत्सुकता :
खाली म्हणे पाणी उकळायला वेळ लागतो
आणि बटाटा लवकर शिजतो.
खाली म्हणे छातीत श्वास मावत नाही, इतकी हवा.

फेर्मीनकाका भिंतीला टेकून, टोपी डोक्यावर.
दोन वर्षं आरमारात होता तो,
आमच्या देशाच्या आरमारात, तळ्यावर.
गणवेशाच्या बटणांवर नांगर होता.
सुटून घरी आला, तर बटाट्याच्या वावरात
बापाने हातात दिला तोही नांगरच.
दर मार्चच्या तेविसाला जुनी टोपी झटकून
संचलनात चालतो. मुलं निळा कागद ताणून धरतात,
त्याच्या कडेने काका ताठ,
पाय भिजू नयेत असा.

"त्यांच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहून
आपल्याच पाण्याची परवानगी मागू मी?"
हे वाक्य आम्हाला पाठ आहे.
दर वर्षी बेत ह्याच वाक्याशी येऊन
पंक्चर होतो.

नायरा म्हणाली, "काका, आपल्या गाडीने पाहिलाय."

खरंच की.
जपानहून बोटीत बसून आली ती,
इकिकेला उतरली, दुसऱ्या हाताची, कुणाच्या तरी नखांच्या ओरखड्यांसह.
तिथे चाक उजवीकडून डावीकडे आणलं तिचं,
पण वेगाचा काटा राहिला मूळच्या जागी.
किती वेगात आहोत हे बघायला
रेमिहिओला मान वळवून माझ्याकडे पाहावं लागतं.
(लग्नाला चौदा वर्षं झाली. मी तक्रार केलेली नाही.)
मागच्या काचेवर अजून एक जपानी चिठ्ठी आहे,
दोन ओळींची. कुणी काढत नाही.

काका बराच वेळ काही बोलला नाही.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं, मग तेही गप्प.
मेणबत्ती बोटभर उरली.

वीज आली तेव्हा
सगळ्यांनी डोळे मिचकावले,
नायरा टेबलावरच झोपून गेली होती,
आणि नकाशाचं चौथं टोक सपाट होतं.
त्याच्यावर ती टोपी.

काका केस चाचपत, कुणाकडेच न पाहता,
रेमिहिओला म्हणाला,
"मागचे ब्रेक उद्या बदल.
माझ्यासमोर."